माझ्यामुळे गेलेले तीन कंत्राटदार

भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने लटकलेला तो पितळी गोळा दिसतोय ना, तो मी. जुना ओळंबा. वजनाने अर्धा किलो, वयाने पंचावन्न वर्षांचा आणि स्वभावाने खाष्ट. मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांच्या चुका दाखवल्या. आज माझी चूक सांगायला बसलो आहे, तेव्हा मधे हसू नका.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी एकटा काही कामाचा नाही. माझ्यासोबत एक दोरी लागते आणि एक लाकडी गुटका लागतो. गुटका म्हणजे मधोमध भोक पाडलेला छोटा चौकोनी तुकडा, त्यातून दोरी जाते. गुटका खांबाला वर टेकवायचा, मला खाली सोडायचं आणि माझं डुलणं थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. मी खांबाला नुसता शिवून राहिलो तर खांब सरळ. मधे फट पडली तर खांब वाकडा. यात एकच गोम आहे. गुटक्याची रुंदी माझ्या अंगाएवढीच हवी. ना केसभर जास्त, ना केसभर कमी. ही गोम लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण तिथेच घडलं.

मला एका ओताऱ्याने साच्यात ओतलं आणि लेथवर कातून गुळगुळीत केलं. माझ्याच मापाचा गुटका करून त्याने दोरीत ओवला. तिथून मी ज्याच्या हातात आलो त्याला पुढे सगळे मिस्त्री म्हणू लागले. तेव्हा तो विशीतला होता आणि मिशी फुटायची घाई करत होता.

मिस्त्रींचं काम एकच. खांब पुरून शेडी उभ्या करायच्या. भिंती नाहीत, मोठा पाया नाही. जमिनीत कंबरभर खोल खड्डे, त्यांत डांबर फासलेले चौकोनी खांब, वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या आणि कैच्यांवर पत्रे. अशा शेडीत कोणी गुरं बांधायचं, कोणी चारा भरायचं, कोणी ट्रॅक्टर ठेवायचं. मिस्त्री म्हणायचे, शेडीत दुसरं काही नसतंच, खांब म्हणजेच शेड. म्हणून प्रत्येक खांबाला ते मला लावायचे आणि माझ्या नि खांबाच्या मधे अंगठ्याचं नख घालून बघायचे. नख गेलं की खांब बाहेर. मग मजूर कितीही थकलेले असोत, पुन्हा खणा. मजूर पाठीमागे शिव्या घालायचे, त्यातल्या बऱ्याच माझ्या नावाने असायच्या. पण वादळात बाकीच्यांचे पत्रे उडाले आणि मिस्त्रींची एक शेड हलली नाही, तेव्हा त्याच मजुरांनी मला खांद्यावर घेऊन मिरवलं. एक दूधवाला तर म्हणाला होता, "मिस्त्रींच्या शेडीत म्हशीसुद्धा सरळ उभ्या राहतात."

दिवस असे चांगले चालले होते. मग मिस्त्रींचे हात कापायला लागले. आधी पेन्सिल कापायची, मग कप. एके दिवशी त्यांनी मला पुसलं, या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाले, "झालं बाबा तुझं नि माझं."

सहा वर्षं मी इथेच लटकलो. पहिल्या दोन वर्षांतच माझा गुटका वाळून उभा चिरला आणि दोन तुकडे होऊन जमिनीवर पडला. ते पाहिलं मिस्त्रींच्या लेकीने. तिला ते ठमी म्हणतात. चाळिशी ओलांडली तरी ठमीच. आई गेल्यावर ती नोकरी सोडून बापाजवळ राहायला आली आणि शेळ्या पाळू लागली. तिने ते तुकडे गुपचूप उचलले. मग आठवडाभर बापाला न सांगता कानशीने एक नवा गुटका घासला. तेल लावून चमकवला, कडा गोल केल्या आणि माझ्या दोरीत ओवून बापाच्या हातात ठेवला.

"थोडा मोठाच केलाय, बाबा," ती म्हणाली. "तुमचे हात कापतात ना, धरायला बरा पडेल."

मित्रांनो, तो गुटका माझ्यापेक्षा दोन सूत मोठा होता. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. तेवढ्याने मी खांबापासून एक सूत लांब लोंबणार होतो. कुठल्याही खांबापासून, मग तो कितीही सरळ असो. मिस्त्रींना हे एका नजरेत कळायला हवं होतं. पण लेकीने दिलेल्या वस्तूला कोण माप लावतो? त्यांनी गुटका गालाला लावला, डोळे पुसले आणि मला परत खिळ्याला अडकवलं. येईल जाईल त्याला दाखवायचे, "माझ्या ठमीने केलाय." मला सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का? पण मला तोंड कुठे आहे!

मागच्या थंडीत ठमीच्या शेळ्या बांबूला ताणलेल्या ताडपत्रीखाली होत्या. वाऱ्याने ताडपत्री फाडली आणि थंडीने सात करडं गेली. एकेक करडू ती स्वतःच्या शालीत गुंडाळून चुलीपाशी आणायची आणि सकाळी बाहेर न्यायची. सातव्याच्या वेळी ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, पुढच्या थंडीच्या आत शेड झाली तर ठीक. नाहीतर मी शेळ्या विकते. शहरात मावशीकडे राहते. तिथल्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या विभागात माणूस हवंय, मावशी बोलून ठेवते म्हणालीय. डोळ्यांदेखत करडं मेलेली मला नाही बघवत."

शेळ्या गेल्या की ठमी जाणार आणि ठमी गेली की घरात मिस्त्री एकटे. त्यांचा चेहरा पडला, पण लगेच त्यांनी छाती पुढे काढली. "अगं, मी काय मेलोय का? आयुष्य शेडी बांधण्यात गेलं माझं. हात नसतील चालत, पण माणूस तर ओळखता येतो. कंत्राटदार मी शोधतो. तू निश्चिंत राहा."

त्यांनी आठ खांब आणून ठेवले आणि स्वतः बसून त्यांच्या बुडांना डांबर फासलं. हात कापत होते, निम्मं डांबर धोतराला लागलं, पण स्वारी खूश होती.

कंत्राटदार शोधणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. एकाने फोनच उचलला नाही. एक "उद्या येतो" म्हणाला, त्याचा उद्या अजून उजाडायचाय. एक आला, चहा प्याला, पावलांनी जागा मोजली, "एकदम मस्त करू" म्हणाला आणि जो गेला तो गेला. "हल्लीची माणसं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला," मिस्त्री म्हणायचे. म्हणून त्यांनी एक नियमच केला. जो येईल त्याने आधी एक खांब उभा करून दाखवायचा. तो पास झाला तर पुढचं बोलणं. आणि तपासायला कोण? सहा वर्षांनी कामासाठी खिळ्यावरून मला उतरवलं तेव्हा मिस्त्रींचं तोंड लग्नघरासारखं फुललं होतं. माझं लक्ष मात्र त्या दोन सूत मोठ्या गुटक्याकडे होतं.

पहिला खरा उमेदवार हार्डवेअरच्या दुकानदाराने पाठवला. हा मोठा बोलघेवडा होता. खड्डा खणताना बोलत होता, माती ठोकताना बोलत होता, तोंडाला क्षणभर विश्रांती नाही. पण हात कसलेला होता. काचेत बुडबुडा असलेली पाणसळ लावून त्याने खांब असा उभा केला की मी मनात वाहवा म्हणालो. मिस्त्रींनी मला लावलं. मी डुललो, थांबलो. मधे एक सूत फट. त्यांचं नख आत गेलं.

"वाकडा आहे," मिस्त्री म्हणाले.

बोलघेवड्याचं बोलणं पहिल्यांदाच बंद झालं. "काका, पाणसळ तर बरोबर दाखवतेय."

"तुझी पाणसळ बाजारातली. हा पंचावन्न वर्षांचा आहे."

तो चडफडत गेला. खांब उपटायला ठमी निघाली, तर मिस्त्री म्हणाले, "राहू दे. पुढच्याला दाखवू, कसा नसावा ते."

महिन्याभराने दोघे भाऊ आले. ते बोलायचेच नाहीत. एकाने बोट दाखवलं की दुसरा ते काम करायचा. त्यांनीही खांब उभा केला, तोही सरळ. पुन्हा मी, पुन्हा फट, पुन्हा नख. थोरल्या भावाने एक शब्द उच्चारला, तो म्हणजे "बरं." दोघांनी हत्यारं उचलली आणि निघून गेले.

त्या दिवशी ठमीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाबा, एक सूत! शेळ्यांना काय कळतंय एक सूत?"

"शेळ्यांना नाही, वाऱ्याला कळतं," मिस्त्री म्हणाले. "आज एक सूत, पाच वर्षांनी वीतभर. तुझ्या डोक्यावर पडेल असं छप्पर मी बांधू देऊ?"

बाप आपल्याच काळजीने भांडतोय, हे तिला दिसत होतं. ती बादली घेऊन शेळ्यांकडे गेली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला आत घ्यावं.

पहाटेचं गवत गारठायला लागलं. दोन शेळ्या व्यायला झाल्या होत्या. ठमीने शेळ्या घेणाऱ्या माणसाला फोन करून ठेवला होता आणि मावशीलाही कळवलं होतं. एवढ्यात कुणीतरी सांगितलं म्हणून तिसरी आली. ही बाई होती. रुंद खांद्यांची, कानामागे पेन्सिल खोचलेली, स्वतःचा टेम्पो स्वतः चालवत आलेली. मिस्त्रींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण तिने खड्ड्यात माती एकदम न लोटता वीत वीत टाकून ठोकायला सुरुवात केली आणि त्या आठ्या गेल्या. थोड्या वेळाने ते खुर्ची तिच्याजवळ सरकवून बसले. मग म्हणाले, "पोरी, कुणाकडे शिकलीस?"

"वडलांकडे, काका."

मिस्त्री हसले. मित्रांनो, त्यांचा जीव जडला होता तिच्यावर. ती पास व्हावी म्हणून ते देवाला हात जोडत असतील. स्वयंपाकघराच्या दारात ठमी उभी होती आणि तिच्या हातात फोन होता. खांब पास झाला तर शेळ्यांचा सौदा मोडायचा, नाहीतर पक्का करायचा, असं तिचं ठरलं होतं.

मिस्त्रींनी मला सोडलं. मी जीव तोडून खांबाकडे झुकायचा प्रयत्न केला. पण वजन सरळ खालीच लोंबतं, त्याला इलाज नाही. नख आत गेलं. मिस्त्रींनी ते बाहेर काढलं, धोतराला अंगठा पुसला आणि पुन्हा घातलं. पुन्हा गेलं.

"नाही गं पोरी," ते म्हणाले.

ती चक्रावली. "काका, एकदा पलीकडून पण लावून बघू या का? ओळंब्याचंच काही..."

बस्स! मिस्त्रींचा पारा चढला. दुःखाचा सगळा राग तिच्यावर निघाला. "नाचता येईना, अंगण वाकडं! तुझ्या जन्माआधीपासून हा ओळंबा माझ्या हातात आहे. माझ्या लेकीने याला गुटका केलाय. त्याच्यात खोट काढतेस?"

ती हत्यारं उचलून टेम्पोत बसली. ठमी फोन कानाला लावून आत गेली. मिस्त्रींनी मला त्या तिसऱ्या खांबावरच्याच एका खिळ्याला अडकवलं आणि तसंच सोडून घरात गेले. पंचावन्न वर्षांत त्यांनी मला कधी बाहेर ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या गेल्या. वीस शेळ्या होत्या, घेणाऱ्या माणसाने त्या सात घरांत विकायचं ठरवलं होतं. सगळ्यांत म्हातारी शेळी, जिच्या दाढीमुळे ठमी तिला मास्तरीणबाई म्हणायची, ती काही केल्या गाडीत चढेना. शेवटी मिस्त्री बाहेर आले, तिला पाला दाखवत दाखवत त्यांनीच वर चढवलं आणि आत जाऊन अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

गाडी जाऊन तासही झाला नसेल, तर कंत्राटदार बाई परत आली. "रात्रभर झोप नाही लागली मला," ती ठमीला म्हणाली. "माझा खांब वाकडा नव्हता, ताई." तिने मला खिळ्यावरून काढलं आणि खांबाला एका बाजूने लावलं. फट. मग पलीकडच्या बाजूने लावलं. तिथेही तेवढीच फट. एकच खांब एकाच वेळी दोन्हीकडे कसा वाकेल? मग तिने बाकीच्या दोन खांबांनाही मला लावलं. सगळीकडे तेच. शेवटी तिने गुटका माझ्या डोक्यावर टेकवला आणि ठमीला दाखवलं. गुटका माझ्या अंगाबाहेर आला होता.

ठमीने बघितलं. मग म्हणाली, "मीच केलाय. त्यांचे हात कापतात म्हणून मोठा केला."

बाईने मला तिच्या हातात दिलं. "काकांना सांगू? मी शेड अजूनही बांधून देईन. शेळ्या..."

"शेळ्या सात घरी गेल्या. मावशीच्या ओळखीने दवाखान्यात माझं नाव लागलं, सोमवारी हजर व्हायचंय." ठमीने डोळे पुसले. "नका सांगू. तीन चांगली माणसं त्यांनी दारातून परत पाठवली, हे त्यांना कळलं तर ते स्वतःला माफ करायचे नाहीत. जन्मभर एकच गोष्ट बरोबर केली त्यांनी, सरळ खांब ओळखला. चांगली माणसं उरली नाहीत असंच वाटू दे त्यांना. तेवढं सोसेल त्यांना."

बाई गेल्यावर ठमीने कानस आणली. गुटका हातात घेऊन उंबऱ्यावर बसली. पण घासला तर बापाच्या बोटांना तो लहान लागेल आणि त्यांना कळेल, म्हणून तिने कानस परत ठेवून दिली. सोमवारी ती बॅग घेऊन गेली. जाताना बापाच्या पाया पडली.

आता घरात मी आणि मिस्त्री. पहिले काही दिवस ते अंगणात जायचेच नाहीत. तिथे तीन खांब उभे होते, डोक्यावर काही नाही. मग एका दुपारी ते उठले. त्या बाईचं बोलणं मनात सलत असणार. त्यांनी मला घेतलं आणि पहिल्या खांबाला लावलं. नख गेलं. वळसा घालून ते पलीकडे गेले. नख गेलं. दुसरा खांब. तिसरा. प्रत्येक वेळी दोन्हीकडून नख गेलं. अर्धा तास लागला त्यांना, कारण हात कापत होते आणि मी लवकर थांबत नव्हतो. शेवटी त्यांनी गुटका माझ्यावर टेकवला आणि कडेवरून बोट फिरवलं.

"अरे देवा," ते म्हणाले. "अरे देवा, काय केलं मी!" आणि तिथेच खांबाला पाठ टेकून मातीत बसले. मित्रांनो, मी त्यांना वादळात इतरांचे पडलेले पत्रे उचलताना पाहिलं होतं, बायकोला खांदा देताना पाहिलं होतं. पण असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात असतो. पलीकडे कंत्राटदार बाई होती.

"पोरी, तुझा खांब सरळ होता. बाकीचे दोन्ही सरळच होते. म्हाताऱ्याला माफ कर. त्या दोन्ही कंत्राटदारांनाही मी फोन करणार आहे."

"असू दे हो, काका."

"एक काम कर माझं. ठमीला यातलं काही कळू देऊ नकोस. गुटका तिने केलाय. बापासाठी केलेल्या वस्तूने आपलीच शेड घालवली, हे तिला कळलं तर पोर खचेल. तिला म्हणावं, म्हातारा हट्टी होता. तेवढंच."

मिस्त्रींना वाटलं फोन बंद पडला. ते दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले.

"नाही सांगत, काका," ती म्हणाली.

मग मिस्त्रींनी कानस काढली. ज्या माणसाने जन्मात एक सूत खपवून घेतलं नाही, त्याने गुटका मुठीत धरला, कानस टेकवली आणि तशीच उचलून बाजूला ठेवली. मला पुसून या खिळ्याला अडकवलं, त्याच गुटक्यासकट. मी आजही एक सूत खोटं दाखवतो, आणि आता ते कोणी दुरुस्त करणार नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं हत्यार असेल. त्याला आज खाली काढा, पुसा, आणि त्याच्यावर विसंबून कुणाला खोटं ठरवण्याआधी त्यालाच एकदा तपासा. आणि कुणी मायेने काही करून दिलं, ते जरा मोठं झालं असेल, तर त्याच दिवशी हसत हसत सांगून टाका. तुम्हाला तोंड आहे. ठमी रागावली नसती हो. अंगणात बसून दहा मिनिटांत घासून दिला असता तिने.